आगरातले पाणी आणि मृगाचा पाऊस

बालाघाटाचे डोंगर आणि गोदावरीचे खोरे यांच्यामध्ये पसरलेल्या बीडच्या मुलखाला समुद्र नाही, मिठाची खाणही नाही. त्यामुळे रेल्वे येण्यापूर्वी येथील घराघरांतल्या मिठाच्या मडक्याचा कोकणाशी जो संबंध जडला, तो मुख्यतः लमाणांच्या तांड्यांमुळे. देशावरचे धान्य बैलांच्या पाठीवर लादून घाट उतरावे आणि परतीच्या खेपेला त्याच गोण्यांत मीठ भरून वर यावे, हा त्यांचा धंदा होता, आणि मोगलांच्या दख्खनच्या स्वाऱ्यांत छावण्यांना रसद पुरविणारे तांडेही याच जातीचे होते. पुढे निजामाच्या अमलात हद्दीवर करोडगिरीचे नाके बसले, इंग्रजी मुलखात मिठावर सरकारी कर बसला, आणि ज्या जिनसेवाचून गरिबाचे कालवणही होत नाही तिच्यावर कारकुनाची नजर कायमची खिळली.

हे मीठ ज्या आगरांत पिकत असे, त्यांची कारागिरी मला त्याच्या व्यापारापेक्षा अधिक विचारणीय वाटते. पावसाळा सरल्यावर खाडीचे पाणी भरतीबरोबर बांधाआड घ्यावयाचे, एका वाफ्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या उथळ वाफ्यात ते हळूहळू सोडावयाचे आणि उन्हावाऱ्याने आटवीत न्यावयाचे, असा तो क्रम आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. शेवटच्या वाफ्यात मिठाचा खडा धरू लागतो तेव्हा हेच प्रमाण २५० च्या पुढे गेलेले असते. आगऱ्याने या दोन टोकांमध्ये एक जिनाच बांधलेला असतो म्हणा ना. आणि त्याच्या मधल्या पायऱ्यांवर, जेथे मासा जगत नाही म्हणून पाण्यातला शत्रूही फारसा उरत नाही, तेथे जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा, उताणा पोहणारा आर्टेमिया नावाचा जीव सुखाने नांदतो.

शास्त्राच्या दप्तरात त्याची पहिली नोंद इंग्लंडातील लिमिंग्टनच्या मिठागरांवरून अठराव्या शतकाच्या मध्यास झाली. आपल्याकडे तो मुंबईतल्या वडाळ्याच्या मिठागरांत आढळल्याचे मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५३ साली प्रसिद्ध केले. ही तीच आगरे, ज्यांवर १९३० च्या उन्हाळ्यात सत्याग्रह्यांनी लाठ्या खात धाव घेतली होती. त्या गर्दीत पायांखालच्या पाण्याकडे निरखून पाहण्याची सवड कोणाला असणार!

या जीवाचे नवजात पिलू अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, नारिंगी रंगाचे असते. पहिल्या अवस्थेत ते काहीच खात नाही. अंड्यातून आणलेल्या बलकाच्या शिध्यावर त्याचा गुजारा चालतो. डोक्यामागे पाठीवर असलेली एक ग्रंथी शरीरात शिरलेले जादा क्षार बाहेर टाकीत राहते, आणि तिचा सारा खर्च याच शिध्यातून भागवावा लागतो. पाणी टप्प्याटप्प्याने खारावत गेले तर तिला हा भार पेलतो. एकाएकी दाट पाण्यात पडल्यास मात्र देहातील पाणी बाहेर ओढले जाते आणि वाढीसाठी राखलेला बलक नुसता जीव जगविण्यात खर्ची पडतो. उलट गोड्या पाण्यात देहात पाणी शिरते, क्षार निसटतात, आणि पिलू काही तासांतच दगावते. उष्णतेची तऱ्हा याहून कपटी आहे: पाणी तापले की देहव्यापार वाढून प्राणवायूची गरज चढते, आणि नेमका त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू घटतो, क्षारांनी तो आधीच कमी केलेला असतो. म्हणजे खारेपणा आणि ऊन ही दोन संकटे एकत्र आली की त्यांची नुसती बेरीज होत नाही, एक दुसऱ्याला बळ देते.

मृगाचा पहिला जोराचा पाऊस हे सारे एका रात्रीत उलथून टाकतो. वारा पडलेला असेल तर पावसाचे हलके पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. वर गार व गोडे, खाली उबदार व खारट असे दोन थर बनतात, आणि पुन्हा ऊन पडले की खालचा थर वरच्यापेक्षाही अधिक तापू शकतो. उजेडाकडे धावण्याची उपजत ओढ असलेल्या पिलाची या दोन थरांमध्ये काय गत होत असेल! तथापि निसर्गाने याची तजवीज केलेली आहे. परिस्थिती बिघडू लागली की मादी जिवंत पिले देण्याऐवजी कठीण कवचाची अंडी टाकते. ती वाळतात, वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात आणि पाण्याचा खारेपणा पुरेसा उतरल्यावरच फुटतात. अर्थात ज्या पावसाने थोरांचा संहार होतो, तोच बेताचा पडला तर धाकट्यांच्या जन्माचा मुहूर्त ठरतो.

आगऱ्याला या किड्याचे कौतुक असण्याचे कारण नव्हते. पाण्यातले शेवाळ खाऊन तो मीठ स्वच्छ पिकण्यास हातभार लावतो, हे पुढे अभ्यासकांनी सांगितले. त्याची खरी किंमत १९३० नंतरच्या दशकात कळली, जेव्हा अमेरिकेत सील आणि नॉर्वेत रोलेफ्सेन या संशोधकांनी माशांच्या पिलांना खाद्य म्हणून ही नवजात पिले चारून पाहिली. आज कोळंबीच्या बीजकेंद्रांत याची वाळलेली अंडी डबाबंद येतात. ती साधारण २८ अंशांच्या खाऱ्या पाण्यात दिवसभरात फुटतात, आणि निघालेल्या पिलांचा बलक चारावयाच्या वेळेपर्यंत संपू नये म्हणून त्यांना १० अंशांखालच्या पाण्यात, हवा खेळती ठेवून, साठवून ठेवतात.