पापडाचा नंबर काय?

परवा मुलुंडहून ताईला अमेरिकेत आईनं लाटलेले पापड पाठवत होतो. फॉर्मवर लिहिलं, ‘घरचा खाऊ’. काउंटरवरचे काका म्हणाले, “असं नाही चालत. एचएस कोड टाका.”

हा कोड आला कुठून? पूर्वी मालाची अमेरिकेची यादी वेगळी, युरोपची वेगळी. १९८३ मध्ये ब्रसेल्सला करार झाला, १ जानेवारी १९८८ ला लागू झाला. पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे. भारत पुढे स्वतःचे दोन जोडतो.

पापड म्हणजे १९०५९०४०. १९०५ मध्ये पाव, बिस्किटं. १९०५९० म्हणजे नुसतं ‘इतर’. पापडाला नाव मिळतं ते आपल्या ४० मुळे, आणि तो ४० परदेशात चालत नाही. म्हणून कोडसोबत ‘उडदाचे पापड’ असं इंग्रजीत स्पष्ट लिहाच!