घर कोणी बांधायचे? नाशिकच्या नगरपालिका, त्यांच्या हद्दी आणि त्यांची तिजोरी

१. भारतीय राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय दिले आहेत. त्यांतला दहावा विषय आहे ‘ग्रामीण गृहनिर्माण’. बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८ विषय आहेत. त्यांत नगररचना, रस्ते, पाणीपुरवठा, झोपडपट्टी सुधारणा आणि कोंडवाडेसुद्धा आहेत. शहरी गृहनिर्माण मात्र स्वतंत्र विषय म्हणून त्यांत नाही.

मग शहरातल्या गरिबाचे घर कोणी बांधायचे आणि त्याचा पैसा कोणी द्यायचा? या प्रश्नाचा इतिहास आज नाशिकच्या निमित्ताने पाहू.

२. नाशिकच का? कारण इथे फार थोड्या अंतरात अनेक स्थानिक संस्था शेजारी शेजारी वाढल्या. गोदाकाठचे जुने नाशिक, रेल्वेमुळे वाढलेले नाशिकरोड, कारखान्यांमुळे वाढलेले सातपूर, लष्कराचे देवळाली कॅम्प आणि त्याला लागून असलेले भगूर. वस्त्या एकमेकींत मिसळत गेल्या, पण कारभार आणि तिजोऱ्या वेगळ्या राहिल्या. शहराच्या घरांचा प्रश्न या हद्दींमध्येच अडकला.

३. नाशिकची नगरपालिका १८६४ ची. झाडलोट, दिवाबत्ती, पाणी, यात्रेच्या काळातली स्वच्छता ही तिची कामे आणि जकात हा तिच्या उत्पन्नाचा मोठा आधार. घर ही मात्र खाजगी बाब मानली जाई. वाडे कुटुंबांचे, धर्मशाळा दात्यांच्या, यात्रेकरूंची सोय तीर्थोपाध्यायांच्या घरी.

नगरपालिकेने घरे बांधायचे मनात आणले असते तरी पैसा कुठून येणार होता? १९१४ च्या स्थानिक प्राधिकरण कर्ज कायद्यानुसार कर्ज काढायचे तर सरकारची मंजुरी लागे.

४. मुंबईत गोष्ट वेगळी होती. १८९६ च्या प्लेगनंतर सरकारने १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ उभे केले. १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आले. त्याच्या चाळींसाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवण्यात आला. संकल्प ५० हजार खोल्यांचा होता, उभ्या राहिल्या १६ हजारांच्या आसपास. त्याच आजच्या बीडीडी चाळी.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवू. घरे बांधणारी संस्था महानगरपालिका नव्हती, सरकारने निर्माण केलेली वेगळी यंत्रणा होती. आणि तिच्या हाती कापसाचा पैसा होता. तसा पैसा नाशिकसारख्या गावाकडे नव्हता.

५. याच सुमारास इंग्लंडने दुसरी वाट धरली होती. १९१९ च्या गृहनिर्माण कायद्याने, ज्याला मंत्री क्रिस्टोफर ॲडिसन यांच्या नावाने ओळखतात, आपल्या हद्दीतली घरांची गरज मोजण्याची आणि ती भागवण्याची जबाबदारी स्थानिक परिषदांवर टाकली. तोटा वाटून घेण्याचे सूत्रही ठरले. स्थानिक करात एका पेनीची वाढ करून जेवढी रक्कम येईल तेवढा तोटा परिषदेने सोसायचा, उरलेला सरकारी तिजोरीने. सरकारने १९२१ मध्ये हात आखडता घेतला, तरी दीड लाखाहून अधिक घरे उभी राहिली.

६. त्याच १९१९ मध्ये माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा आल्या. स्थानिक स्वराज्य हे खाते लोकनियुक्त मंत्र्यांकडे आले, पण अर्थखाते राखीव राहिले. म्हणजे जबाबदारी भारतीय मंत्र्याची आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. ही विभागणी पुढे निराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

७. आता नाशिककडे वळू. रेल्वे आली ती जुन्या गावापासून काही मैल दूर. त्या स्थानकाभोवती नाशिकरोडची वस्ती वाढली. १९२० च्या दशकात तिथे टपाल तिकिटे आणि पुढे नोटा छापणारा सरकारी छापखाना आला. शेजारी देवळालीत लष्कराचा तळ आधीपासून होताच. तिथला कारभार कटक मंडळाकडे, म्हणजे शेवटी संरक्षण खात्याकडे. स्वातंत्र्यानंतर नाशिकरोड-देवळालीची वेगळी नगरपालिका नांदत होती आणि भगूरचीही स्वतंत्र होती.

८. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि सातपूरचे शेतशिवार औद्योगिक वसाहत बनले. पुढे अंबडचीही भर पडली. सातपूरलाही नगरपालिका मिळाली.

आता घरांचा प्रश्न हद्दी ओलांडू लागला. कारखाना एका संस्थेच्या हद्दीत, कामगाराची भाड्याची खोली दुसरीच्या. कारखान्याच्या कराचा लाभ जिथे मिळतो, तिथेच त्या कामगाराच्या नळाचा आणि गटाराचा खर्च पडतो असे नाही. या संस्थांनी एकत्र बसून खर्च वाटून घेतल्याशिवाय हा हिशेब जुळणे कठीण होते.

९. सरकारने पहिले उत्तर दिले ते मुंबईच्या जुन्या वळणाचेच. स्थानिक संस्थांच्या वर एक नवी यंत्रणा. १९७० मध्ये नव्या मुंबईच्या उभारणीसाठी जन्मलेल्या सिडकोकडे सत्तरच्या दशकात नवीन नाशिकचे काम आले. आज पवननगर, त्रिमूर्ती चौक, उत्तमनगर या नावांनी ओळखला जाणारा भाग त्यातूनच घडला. सहा योजनांत मिळून सुमारे २५ हजार घरे बांधली गेली. कामगार, कारकून, शिक्षक यांना स्वतःच्या नावाचे दार मिळाले. नाशिकच्या इतिहासात हे काम मोठेच होय.

१०. सिडकोला हे जमले कसे? जमीन तिच्या हाती होती. जमीन विकसित करायची, घरे आणि भूखंड द्यायचे, व्यापारी भूखंडांतून अधिक रक्कम मिळवायची आणि तो पैसा पुढच्या कामात घालायचा, हे तिचे चक्र. नगरपालिकेकडे यांतले काहीच नव्हते.

पण बांधणे संपले की सिडकोचे काम आटोपत असे. रस्ते, पाणी, पथदिवे, सफाई ही कामे एकेका योजनेगणिक महापालिकेकडे हस्तांतरित झाली. जमिनीची मालकी मात्र ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने सिडकोकडेच राहिली.

११. परिणाम काय झाला? कुटुंब वाढले म्हणून एका खोलीच्या घरावर मजला चढवायचा, घर विकायचे, वारसाचे नाव लावायचे, तर रहिवाशाला दोन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्या लागत. जमीन पूर्ण मालकीची करून द्या, ही मागणी अनेक वर्षे गाजत राहिली. घर मिळाले, पण त्या घराविषयी अंतिम शब्द कोणाचा हे ठरले नव्हते.

१२. दुसरे उत्तर आले ७ नोव्हेंबर १९८२ रोजी. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका व आसपासची वीसहून अधिक खेडी एकत्र करून नाशिक महानगरपालिका स्थापन झाली. हद्द सुमारे २५९ चौरस किलोमीटर. तीन तिजोऱ्यांची एक झाली. जुन्या नाशिकची जकात, सातपूरचे कारखाने आणि खेड्यांची मोकळी जमीन आता एकाच अंदाजपत्रकात आली. विलीनीकरणाची खरी ताकद ही होती.

१३. योगायोग पाहा. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव मे १८८२ चा. त्याला बरोबर शंभर वर्षे होत असताना नाशिकमध्ये तीन नगरपालिका संपल्या आणि नव्या महापालिकेवर प्रशासक बसला. पहिले लोकनियुक्त सभागृह आले १९९२ मध्ये. शहर सर्वांत वेगाने बदलत होते ती दहा वर्षे निवडून आलेल्या नगरसेवकांवाचून गेली. कोणती जमीन घरांची, कोणती उद्यानाची हे ठरवणारा एकत्रित शहराचा विकास आराखडा १९९३ मध्ये मंजूर झाला.

१४. विलीनीकरणाने हद्दीचा प्रश्न मात्र मिटला नाही, फक्त बाहेर सरकला. देवळाली कटक मंडळ आणि भगूर नगरपरिषद वेगळ्याच राहिल्या. नव्या हद्दीपलीकडच्या ग्रामपंचायतींत प्लॉट पडू लागले.

कायद्यात एक तिसरी वाट होती. महापालिकेला लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमात शेजारच्या स्थानिक संस्थांबरोबर समान हिताच्या कामासाठी संयुक्त समिती नेमण्याची तरतूद आहे. कोणी कोणात विलीन व्हायचे नाही, कोणी कोणाच्या वर बसायचे नाही, बरोबरीने बसून काम आणि खर्च वाटून घ्यायचा. घरांच्या प्रश्नात मात्र भर राहिला तो वरच्या यंत्रणेवर किंवा विलीनीकरणावर.

१५. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने या तिसऱ्या वाटेला घटनेचे बळ दिले. दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती असावी. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य त्या क्षेत्रातल्या नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यांतूनच निवडावेत. समितीने जागा, पाणी आणि पायाभूत सोयी यांचा एकत्र विचार करावा. २००१ च्या जनगणनेत नाशिक महापालिकेची लोकसंख्या १० लाख ७७ हजारांवर गेली, म्हणजे ही कल्पना आता नाशिकच्याही उंबरठ्यावर आली होती.

१६. पैसा मात्र वेगळ्याच दिशेने आला. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राचे जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू झाले आणि नाशिकची त्यात निवड झाली. गरिबांच्या घरकुलांसाठी नाशिकसारख्या शहराला निम्मा खर्च केंद्र देणार, उरलेला राज्य, महापालिका आणि लाभार्थी यांनी उचलायचा. चुंचाळे येथील घरकुले याच काळातली.

तरीही मंजूर झालेली सर्व घरे उभी राहिली नाहीत, आकडा खाली आणावा लागला. निधी दिल्लीहून येऊ शकतो, मोकळी जमीन दिल्लीहून येत नाही. आणि शहराच्या कडेला घर मिळालेल्या कुटुंबाला रोजगाराच्या ठिकाणापर्यंतचे भाडे रोज मोजावे लागते.

१७. जमिनीचा प्रश्न राज्याने २०१३ मध्ये दुसऱ्या बाजूने सोडवू पाहिला. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत ४ हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या गृहप्रकल्पात २० टक्के घरे वा भूखंड दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी राखायचे आणि म्हाडामार्फत वाटायचे.

परवानगी महापालिकेची, वाटप म्हाडाचे. दोन्ही दप्तरे एकमेकांशी बोलली तरच ही योजना चालणार. २०२२ मध्ये नाशिकमधली अशी हजारो घरे म्हाडापर्यंत पोहोचलीच नाहीत, असा आक्षेप घेतला गेला आणि प्रकरण विधिमंडळात गाजले. शिवाय या नियमाची कड शहराच्या हद्दीशी जुळलेली होती. हद्दीच्या आत वीस टक्के, पलीकडच्या ग्रामपंचायतीत काही नाही.

१८. २०१७ मध्ये नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आले. हद्दीबाहेरच्या बांधकामांना कुणीतरी एकाने शिस्त लावावी, ही गरज खरीच होती. पण प्राधिकरण राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले, त्याचा रोजचा कारभार महानगर आयुक्तांच्या हाती. जुनेच उत्तर, नव्या नावाने.

आणि मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली तेव्हा पुन्हा प्रशासक आला. १९८२ नंतरची दहा वर्षे आठवा. निर्वाचित सदस्यच नसतील, तर आपल्यांतून नियोजन समितीवर निवडून कोणाला पाठवणार?

१९. या सगळ्याचे सार काय? वरून आलेल्या यंत्रणांनी काहीच केले नाही, असे म्हणणे इतिहासाशी बेइमानी होईल. सिडकोच्या घरांत आज तिसरी पिढी वाढते आहे. पण घर म्हणजे जमीन, नळ, गटार, रस्ता, कर आणि वारसाहक्क यांची मोळी आहे. नाशिकमध्ये त्या मोळीची एकेक काठी वेगळ्या संस्थेकडे राहिली आणि मोळी बांधणारी दोरी कधी सापडलीच नाही. इंग्लंडमधल्या १९१९ च्या कायद्यातला एका पेनीचा नियम ही तशी एक दोरी होती. कोण किती तोटा सोसणार, हे त्यात आधीच लिहिलेले होते.

२०. मित्रहो, इतिहास केवळ किल्ल्यांत आणि ताम्रपटांत नसतो. आपल्या गावातल्या एखाद्या घरकुल योजनेचा फलक थांबून वाचा. केंद्र, राज्य, महापालिका, महामंडळ, मंडळ, किती नावे आहेत ते मोजा. मग एवढाच प्रश्न विचारा की नळ कोरडा पडला तर यांतल्या कोणत्या दारावर जायचे. त्याचे उत्तर शोधताना जुने ठराव, अंदाजपत्रके आणि हद्दवाढीच्या अधिसूचना हाती येतील. शहराच्या इतिहासाची ही साधने अजून फारशी कोणी चाळलेली नाहीत.