किनारी परिस्थितिवैज्ञानिक (संशोधन-पेशा)

समुद्रकिनारा, खाडी, खाजण आणि खारफुटी इथले जीव, पाणी व माती यांचे परस्परसंबंध अभ्यासणारा संशोधक. विद्यापीठात प्राध्यापक किंवा संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ म्हणून तो काम करतो.

नाशिकसारख्या घाटमाथ्यावरच्या जिल्ह्यात हा पेशा परका वाटतो, पण तो समज वरवरचा आहे. त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणारी गोदावरी आंध्र प्रदेशात कोरिंगाच्या खारफुटीपाशी बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगरातली वैतरणा अर्नाळ्याजवळ अरबी समुद्राला. वैतरणेचे पाणी धरणांत अडवून मुंबईला नेले, की खाडीत उतरणारे गोडे पाणी कमी होते. तेव्हा खाडीच्या क्षारतेचा हिशेब मांडणाऱ्याला इगतपुरी तालुक्यापर्यंत वर यावेच लागते.

महाराष्ट्रात हा अभ्यास काही अंशी घाटावरच वाढला. आधी मुंबई परिसरातल्या खारफुटीची माती, तिथले पाणी आणि पानांतला रस यांचे रासायनिक गुणधर्म एफ. आर. भरुचा व बी. एस. नवलकर यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस तपासले. पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात (स्थापना 1962) वनस्पतिशास्त्रज्ञ जी. व्ही. जोशी आणि लीला भोसले यांनी या झाडांच्या क्षारनियमनावर काम केले. या झाडांपैकी तिवर जास्तीचे मीठ पानांतून बाहेर टाकतो. पान जिभेला लावले तरी ते कळते. कांदळ ते बरेचसे मुळांशीच रोखतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत (1966) अरविंद उंटवाले यांनी खारफुटीचा अभ्यास केला.

वाट नेहमीची : वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी., नेट-जेआरएफ आणि मग पीएच.डी. कनिष्ठ छात्रवृत्ती (जेआरएफ) 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहे. काम मात्र चिखलातले. चौकट टाकून त्यातली श्वसनमुळे आणि खेकड्यांची बिळे मोजायची, मातीचे नमुने भरायचे, आणि पाणी चढायच्या आत बाहेर पडायचे. खाजण सर्वांत जास्त उघडे पडते ते अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, उधाणाच्या ओहोटीला. ओहोटीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. कॉलेजचे टाइमटेबल सरकत नाही. शिकवण्याची नोकरी सांभाळून संशोधन करणाऱ्याची खरी ओढाताण इथे होते.

दुसरी अडचण मुदतीची. छात्रवृत्ती साधारण पाच वर्षांची असते, तर खारफुटीतला बदल उमगायला दशके लागतात. जुन्या नोंदींचे मोल त्यामुळेच मोठे. मात्र त्याच जागी पुन्हा जाऊन मोजमाप करण्याला नव्या शोधाइतका मान मिळत नाही, हे दुर्दैव.

प्राध्यापकपदे थोडी असल्याने अनेक जण राज्याच्या कांदळवन कक्षाच्या (2012) प्रकल्पांकडे किंवा पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या कामांकडे वळतात. पैकी जलद मूल्यांकन पावसाळा वगळून एकाच ऋतूतल्या नोंदींवर केले जाते. खाडीत गोडे पाणी सर्वाधिक येते ते मात्र पावसाळ्यातच.