पहार उपटल्यानंतरचं पुणं

तुम्ही नागझरीच्या काठी उभे आहात. साल 1640च्या अलीकडचं-पलीकडचं. शनिवारवाडा शोधू नका, तो उभा राहायला अजून नव्वदेक वर्षं आहेत. चहाही मागू नका. समोर आहे ते कसबे पुणे: निम्मी घरं पडलेली, जोत्यांवर रुई माजलेली, आणि मधूनच एखाद्या नव्या छपरातून निघणारा धूर.

इथं काय झालं ते कुणाला विचारावं लागत नाही, लोक आपणहून सांगतात. आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं गाव जाळलं, गाढवाचा नांगर फिरवला, भर गावात लोखंडी पहार ठोकून तीवर फाटकी वहाण टांगली. म्हणजे या जागी पुन्हा कुणी वसायचं नाही. त्यातच 1630 ते 32चा दुष्काळ आला. देहूच्या एका वाण्याची पहिली बायको आणि मुलगा त्यातच गेले. त्या वाण्याचं नाव तुकाराम. पुढे 1636 मध्ये निजामशाही बुडाली आणि हा मुलूख विजापूरच्या हद्दीचं टोक झाला. जहागीर शहाजीराजांची, पण राजे दूर कर्नाटकात. इथं जिजाबाई आहेत, पोरगेले शिवाजीराजे आहेत, आणि कारभाराला दादोजी कोंडदेव. (दादोजींचा पुतळा 2010 मध्ये लाल महालातून हलवला, तो वाद बरोबर आणू नका. इथं त्यांना कोंढाण्याचे सुभेदार म्हणून ओळखतात आणि वचकून असतात.)

पहार उपटून सोन्याच्या फाळानं जमीन नांगरल्याची गोष्ट तुम्ही शाळेत ऐकलीत. घडली असेल तर मोठी हुशारीची. शापाला उतारा म्हणून शापाच्याच भाषेत दिलेलं उत्तर. पण सोन्याचा फाळ बघायला येणारा माणूस संध्याकाळी परत जातो. बैल, बायकापोरं आणि बियाणं घेऊन राहायला येतो तो वेगळ्या कारणानं.

ते कारण चावडीवर कुलकर्णी वाचून दाखवतोय. इस्ताव्याचा कौल. पडीक जमीन उठवाल तर पहिल्या वर्षी चावरभर जमिनीला एक रुपया, दुसऱ्या वर्षी तीन, मग सहा, मग नऊ, असं चढत चढत शेवटी मलिक अंबरानं ठरवलेल्या पुऱ्या धाऱ्याला पोचायचं. आकडे जुन्या शकावलीतले आहेत. तुमच्या शेजारी उकिडवा बसलेला कुणबी बोटांवर मोजतोय. त्याला पुरा धारा कळतो, त्याचं भय नाही. भय वेगळंच आहे.

‘‘आन तवर धनी बदलला तर?’’ तो विचारतो.

पाटील कुलकर्ण्याकडे बघतो, कुलकर्णी कागदाकडे. दहा वर्षांत या गावानं किती झेंडे पाहिले, हे तिघांनाही ठाऊक आहे. शेवटी पाटील एवढंच म्हणतो, ‘‘आऊसाहेब इथंच ऱ्हात्यात.’’ माझ्या मते पुणं वसलं ते या वाक्यावर. मालकाचं कुटुंब त्याच धुळीत राहतं, कसब्यात गणपतीचं देऊळ बांधतं, तेव्हा कौलाच्या कागदाला वजन येतं.

तेवढ्यात गलका होतो. दोन मावळे बांबूला उलटा टांगलेला लांडगा घेऊन आलेत. माणसं गेली, रान वाढलं आणि लांडगे पांढरीपर्यंत उतरले. म्हणून सरकारनं लांडगा मारणाऱ्याला बक्षीस लावलंय. जवळ जाऊन बघा: कातडं फाटलेलं, दातांत मातीचा लगदा. नवी वस्ती रात्री झोपते ती या बक्षिसाच्या जोरावर.

दुसऱ्या दिवशी गोतसभा. दुष्काळात परागंदा झालेला एकजण परतलाय आणि त्याच्या शेतात आता उपरी कसतोय. मिरासपत्र जळालेलं. देशमुख, पाटील, बलुतेदार बसलेत, पण सगळ्यांची नजर सभेबाहेर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या महाराकडे. शिवेचा दगड कुठं होता ते त्याला ठाऊक. ज्याला चावडीची पायरी चढू देत नाहीत, त्याच्या साक्षीवर चावडीवरच्यांच्या जमिनी ठरतात, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही. महजर लिहिला जातो, खाली पाटलाची निशाणी म्हणून नांगर काढला जातो. शेत मिरासदाराला परत. उपऱ्याला ओढ्यापलीकडचं पडीक.

हे झालं सपाटीवरचं. डोंगरात देशमुख एकमेकांच्या जिवावर उठलेत, हिरडस मावळात बांदल वसुलाला दाद देत नाहीत. तिथं कौलाबरोबर घोडदळही जातं.

जमलं तर जानेवारी 1646 पर्यंत थांबा. खेडेबाऱ्यातल्या रांझे गावचा पाटील बाबाजी गुजर यानं बदअमल केला म्हणून त्याचे हातपाय तोडले जातील. शिवाजीराजांच्या उपलब्ध पत्रांपैकी सर्वांत जुन्यांत त्या निवाड्याचं पत्र मोडतं. शिक्षा तेवढी सगळ्यांच्या लक्षात राहिली. पत्राचा उत्तरार्ध फारसं कुणी सांगत नाही. पाटिलकी काढून घेतली, आणि दिवाणात होन भरून घेऊन ती गुजरांच्याच गोतातल्या सोनजीला दिली.