इमामदस्त्यातला ‘इमाम’

आमच्या घरांतून ‘इमामदस्ता’ हा शब्द अजून ऐकू येतो. पितळेचे किंवा लोखंडाचे उभट भांडे आणि त्यात कुटायला जड दांडा. शेजारच्या मराठी घरात त्यालाच खलबत्ता म्हणत. लहानपणी आमची समजूत अशी, की नावात इमाम आहे म्हणजे ही वस्तू आमची आणि खलबत्ता त्यांचा. दादीअम्मा तर इमामदस्त्याला पाय लागू देत नसत. इमामसाहेबांचे नाव आहे त्यात, असे त्या म्हणायच्या.

पुढे शब्दकोश चाळताना कळले, की या शब्दात इमाम मुळात नाहीच. मूळ फारसी शब्द आहे ‘हावनदस्ता’. हावन म्हणजे उखळ, दस्ता म्हणजे मुसळ किंवा मूठ. व आणि म हे दोन्ही ओठांचे उच्चार. त्यात शेजारी अनुनासिक न. बोलता बोलता हावनचे ‘हमाम’ झाले. पण न्हाणीघराचा मसाल्याशी काय संबंध? मग लोकांनी ओळखीचा, आदराचा शब्द तिथे बसवला आणि इमामदस्ता तयार झाला. अपरिचित शब्दाला आपल्या माहितीचा अर्थ देणे ही लोकांची जुनी सवय आहे. त्यात दादीअम्मांचे काही चुकले असे आम्हाला वाटत नाही.

यातला ‘दस्ता’ मराठीला परका नाही. फारसी ‘दस्त’ म्हणजे हात. दस्तऐवज, दस्तखत, कागदाचा दस्ता ही सगळी त्याचीच संतती. पीराने दस्तगीर व्हावे, म्हणजे हात धरावा, अशी विनवणी आमच्या घराघरांतून होते, तोही हाच हात. आणि हा ‘दस्त’ संस्कृतातल्या ‘हस्त’ शब्दाचा सख्खा भाऊ आहे.

‘हावन’ची कथा याहून जुनी आहे. हा शब्द इस्लामच्याही आधीचा, अवेस्ताच्या भाषेतला. होम नावाच्या वनस्पतीच्या काड्या ज्यात कुटत ते भांडे म्हणजे हावन. पारशी धर्मगुरू यस्न विधीत वापरतात त्या धातूच्या उखळीला आजही ‘हावनीम’ म्हणतात. संस्कृतातल्या ‘स’च्या जागी इराणी भाषांत ‘ह’ येतो. सप्तचे हफ्त, त्यावरून आपला हप्ता. सिंधूचे हिंदू. सोमाचे होम. त्याच नियमाने हावन हा सोमरस काढण्याच्या ‘सवन’ या वैदिक शब्दाचा नातलग ठरतो.

इथे एक सावधगिरी हवी. कोणी म्हणेल, हावन म्हणजे आपले यज्ञातले हवन. तेही खरे नाही. संस्कृत हवन हा आहुती देण्याच्या धातूपासून आला, कुटण्या-पिळण्याच्या नव्हे. म्हणजे शब्दात इमाम पाहणारे आम्ही आणि हवन पाहणारे ते, दोघेही सारखेच चुकलो. खरे नाते मात्र दोघांच्या कल्पनेपेक्षा जवळचे निघाले.

देवघेव एकतर्फीही नव्हती. हावन फारसीतून अरबीत गेला, तुर्कीत गेला. तिथे उखळीसारख्या आखूड तोफेलाही तेच नाव पडले. मराठीनेही तिला ‘उखळी तोफ’च म्हटले. इकडे युनानी हकिमांनी औषध घोटायच्या दगडी भांड्याला ‘खरल’ हा इथल्याच मातीतला शब्द घेतला, जो खलबत्त्यातल्या ‘खल’चा भाऊबंद आहे. जात्याचेही तसेच. ‘जाते’ संस्कृत यंत्रापासून आणि ‘चक्की’ चक्रापासून आली. त्या चक्कीवर विजापूरच्या सूफींनी दखनी भाषेत ‘चक्कीनामे’ रचले. पीठ दळता दळता बायकांनी अल्लाहचे नाव घ्यावे, एवढा साधा हेतू. पलीकडच्या ओसरीवर जात्यावरच्या ओव्या चालत. दोन्हीकडे पहाट तीच आणि कष्टही तेच.

हे सारे सांगण्याचे कारण आहे. मराठीतले फारसी शब्द निवडून बाहेर काढावेत, असा आग्रह अनेकदा धरला गेला. शिवकाळात राजव्यवहारकोश झाला, विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली. १९२५ साली फार्शी-मराठी कोश देणारे माधव जूलियनच पुढे त्या चळवळीचे पुरस्कर्ते बनले. दुसरीकडे आमच्यातही काहींना वाटते, की आपली भाषा जितकी अरबी-फारसी, तितके आपण अधिक मुसलमान. या दोन्ही मंडळींनी एकदा इमामदस्ता हातात घेऊन पाहावा. यातला कोणता भाग काढून टाकणार आणि कोणता आपला म्हणून ठेवणार?

आता मिक्सर आला. इमामदस्ता माळ्यावर गेला, त्याच्याबरोबर त्याचे नावही जाईल. आमच्या स्वयंपाकघरांतले असे कितीतरी दखनी शब्द कोणत्याच मराठी कोशात नाहीत. ते लिहून ठेवणे हे आमचेच काम आहे. घरात दादी-नानी असतील, तर आज संध्याकाळीच वही घेऊन त्यांच्याजवळ बसायला हवे.