वाळवंटातील गाणी आणि सरहद्दीची रेघ

इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात लढायांची सनावळी असते, तहांची कलमे असतात, राजांच्या वंशावळी असतात. गाण्यांचा इतिहास त्यात नसतो. म्हणून भारत आणि पाकिस्तान या दोन शेजाऱ्यांविषयी आपल्या एखाद्या विद्यार्थ्याला विचारले, तर तो १९४७, १९६५, १९७१ आणि १९९९ ही साले घडाघडा सांगेल. परंतु त्याच काळात त्याच सरहद्दीच्या दोन्ही अंगांना तीच गाणी कोण गात होते, हे त्याला सांगता येणार नाही. ती हकीकत येथे थोडक्यात सांगावयाची आहे. तिचे ठिकाण थरचे वाळवंट. अलीकडे राजस्थानातील बाडमेर व जैसलमेर, पलीकडे सिंधमधील उमरकोट व थरपारकर.

एक मुलूख, दोन देश

१९४७ पूर्वी हा सारा एकच मुलूख होता. जोधपूरहून निघालेली आगगाडी मुनाबाव आणि खोखरापारवरून थेट सिंधमधील हैदराबादला जात असे. दोन्हीकडे ढाटकी नावाची बोली बोलली जाई, व ती आजही बोलली जाते. उमरकोटला सोढा राजपुतांचे राज्य होते. शेरशहाकडून पराभूत होऊन वणवण फिरणाऱ्या हुमायूनला याच सोढ्यांच्या राण्याने आसरा दिला आणि तेथेच १५४२ साली अकबराचा जन्म झाला, हे आपल्याला ठाऊक आहेच. सोढा हे एकाच कुळातले असल्याने त्यांना आपसात सोयरीक करता येत नाही. त्यांच्या लेकी-सुना पिढ्यान्‌पिढ्या जैसलमेर-बाडमेरकडच्या राजपूत घराण्यांशी जोडलेल्या. जेथे सोयरीक तेथे वरात, आणि जेथे वरात तेथे गाणारे!

फाळणी झाली आणि सिंध प्रांताची जुनी हद्द ही दोन राष्ट्रांची सरहद्द ठरली. तरीही आगगाडी चालू होती. १९६५ च्या युद्धात ती बंद पडली. १९७१ च्या युद्धात भारतीय फौजा थरपारकरमध्ये छाछरोपर्यंत गेल्या. त्या वेळी तिकडची पुष्कळ हिंदू कुटुंबे घरदार सोडून बाडमेरकडे आली. १९७२ च्या सिमला करारानंतर जमीन परत गेली, पण उठून आलेली माणसे परत गेली नाहीत. भाऊ इकडे, बहीण तिकडे, आणि मध्ये तारेचे कुंपण, अशी हजारो घरांची अवस्था झाली.

मांगणियार आणि लंगा

या मुलुखात गाणे हा दोन जमातींचा पिढीजात धंदा आहे. एक मांगणियार, दुसरी लंगा. दोन्ही मुसलमान. लंगांचे यजमान सिंधी सिपाही मुसलमान, तर मांगणियारांचे यजमान बहुतांशी हिंदू राजपूत. यजमानाच्या घरी मूल जन्मले, लग्न निघाले, की गाणाऱ्याने हजर व्हावयाचे. यजमानाची वंशावळ गाणाऱ्याच्या तोंडपाठ. ती कागदावर नसली तरी चालते, त्याच्या गळ्यात ती शाबूत असते. मोबदल्यात धान्य, शेळी, कधी उंट, कधी रोकड. ही भीक नव्हे, हा त्याचा हक्क समजला जातो. मात्र हेही खरे, की ज्याच्या सुरावाचून लग्न पुरे होत नाही, त्या गाणाऱ्याला समाजाच्या पंगतीत मान खालचाच मिळत आला.

मांगणियारांचे मुख्य वाद्य कमायचा. आंब्याच्या लाकडाचा मोठा गोल भोपळा, त्यावर ताणलेले शेळीचे कातडे, आणि गजाने वाजवावयाच्या तारा. लंगांची सिंधी सारंगी. साथीला ढोलक आणि खरताल, म्हणजे शिसवी लाकडाच्या पट्ट्या, ज्या बोटांत धरून वाजवतात. अशा बैठकीत मुसलमान गायक यजमानाच्या कुलदेवीची स्तुती गातो, कृष्णाचे भजन गातो, आणि रात्र चढली की त्याच आवाजात सिंधच्या शाह अब्दुल लतीफ यांचे व पंजाबच्या बुल्लेशाह यांचे सूफी कलाम गातो. ऐकणाऱ्याला यात काही विसंगत वाटत नाही आणि गाणाऱ्यालाही नाही. त्याच्या आजोबांनी असेच गायले होते, एवढे कारण त्याला पुरते.

मूमल आणि महेंद्र

या गाण्यांतील एक कथा विद्यार्थ्यांनी अवश्य ऐकावी अशी आहे. जैसलमेरजवळ लोद्रवा हे भाटी राजपुतांच्या जुन्या राजधानीचे गाव. तेथे मूमल नावाची रूपवती राहत होती. तिच्या ओढीने उमरकोटचा राणा महेंद्र दर रात्री वेगवान सांडणीवर बसून वाळवंट ओलांडून येई आणि उजाडण्यापूर्वी परत जाई. एके रात्री त्याला यावयास उशीर झाला. मूमलच्या बहिणीने गमतीने पुरुषाचा वेष केला होता आणि ती तशीच मूमलच्या शेजारी झोपी गेली होती. महेंद्राने ते पाहिले, मनात संशय धरला आणि एक शब्दही न विचारता तो परत फिरला. पुढे खरे काय ते कळेपर्यंत फार उशीर झाला होता.

शाह अब्दुल लतीफ (१६८९–१७५२) यांनी आपल्या ‘शाह जो रिसालो’ या ग्रंथात या कथेवर एक स्वतंत्र सूर रचला. भिट शाह येथे त्यांच्या दर्ग्यावर फकीर रोज रात्री तंबोऱ्यावर त्यांचे कलाम गातात. इकडे राजस्थानात मांगणियार ‘मूमल’ गातात. नायिका आजच्या भारतातली, नायक आजच्या पाकिस्तानातला. जी वाट महेंद्राची सांडणी एका रात्रीत कापत होती, ती कापावयास आज पारपत्र आणि व्हिसा लागतो. कथेचे मर्मही ध्यानात घेण्यासारखे आहे. डोळ्यांना जे दिसले ते पुरे सत्य मानून, न विचारता पाठ फिरवणे, यातूनच शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधील पुष्कळशी वैरे जन्माला येतात.

सरहद्द ओलांडलेले सूर

फाळणीत माणसे गेली-आली, तशी गाणीही गेली-आली. रेश्मा हिचा जन्म फाळणीच्या सुमारास बिकानेर संस्थानातील बंजारा कुटुंबात झाला. कुटुंब कराचीकडे गेले. सिंधमधील सेहवान येथे लाल शहबाझ कलंदर यांच्या दर्ग्यावर गाणारी ही मुलगी रेडिओ पाकिस्तानच्या अधिकाऱ्याच्या कानी पडली आणि पुढे तिचा आवाज दोन्ही देशांचा झाला. १९८३ साली मुंबईच्या ‘हीरो’ चित्रपटात ती गायली, ते गाणे आपल्या घरोघर पोहोचले.

उलट दिशेने सिंधी हिंदू आले. आपल्या कल्याणजवळच्या लष्करी छावणीत निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यांनी येताना घरे आणली नाहीत, शेते आणली नाहीत, पण गाणी आणली. सेहवानच्या मुसलमान अवलियाचे ‘दमादम मस्त कलंदर’ सिंधी हिंदूंच्या समारंभात आजही गायले जाते, आणि त्यात ते आपल्या झुलेलालांना हाक मारतात. सिंधमध्ये उदेरोलाल येथे त्याच झुलेलालांचे स्थान हिंदू आणि मुसलमान दोघेही मानतात.

गाण्याची किंमत

येथे कोणी विचारील, की या गाण्यांनी एक तरी युद्ध थांबले काय? नाही. ते मान्य केले पाहिजे. उलट गाणाऱ्यांनीच पुष्कळदा प्राणाची किंमत मोजली. सिंधचे भगत कंवरराम हे हिंदू गायक गावोगाव सूफी कलाम गात, त्यांच्या मैफलीला हिंदू-मुसलमान दोघांची गर्दी होई. १९३९ साली सक्करच्या मंझिलगाह मशिदीच्या वादाने सिंधची हवा विषारी झाली होती. १ नोव्हेंबर रोजी रुक या रेल्वे स्थानकावर त्यांचा गोळ्या घालून खून झाला. २०१६ साली कराचीत कव्वाल अमजद साबरी यांना भर रस्त्यात मारले. १६ फेब्रुवारी २०१७ रोजी सेहवानच्या दर्ग्यात स्फोट होऊन ऐंशीहून अधिक माणसे मेली. त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्या देशात, जैसलमेर जिल्ह्यातील दांतल गावात, एका मांगणियार गायकाचा खून झाला. त्याच्या गाण्याने देवी अंगात आली नाही, हा त्याचा अपराध! भयाने गावातील मांगणियार कुटुंबे गाव सोडून गेली. दोष एकाच बाजूचा नाही, म्हणून ही चारही उदाहरणे एकत्र दिली आहेत.

मग गाण्याने केले काय? सेहवानच्या स्फोटानंतर दुसऱ्याच दिवशी दर्ग्यात पुन्हा नगारा वाजला आणि धमाल झाली. गाण्याने शेजाऱ्याला पुरता परका होऊ दिले नाही, एवढे त्याने केले. राज्यकर्ते रस्ता बंद करू शकतात. १९६५ साली बंद पडलेली मुनाबावची गाडी २००६ च्या फेब्रुवारीत सुरू झाली आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा बंद पडली. पण ज्याला समोरच्या गावची लग्नाची गाणी पाठ आहेत, त्याला त्या गावात राक्षस राहतात, असे सहजासहजी पटवता येत नाही.

आपल्यासाठी

या कथेत शिक्षणाचाही एक धडा आहे. १९६० साली राजस्थानातील बोरुंदा या खेड्यात कोमल कोठारी आणि विजयदान देथा या दोन सुशिक्षित माणसांनी ‘रूपायन’ ही संस्था काढली. कोठारी या निरक्षर गाणाऱ्यांपुढे विद्यार्थी होऊन बसले. त्यांनी त्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली, वाद्ये समजून घेतली, आणि त्यांना देशविदेशातील रंगमंच मिळवून दिले. पाकिस्तान सरकारने १९८१ साली थरपारकरच्या माई भागी यांचा गौरव केला. भारत सरकारने २०१२ साली कमायचावादक साकर खान मांगणियार यांना ‘पद्मश्री’ दिली. एकाच वाळवंटाचा सूर, दोन सरकारांचे मानचिन्ह!

पालकांनो, आपण मुलांना पदव्या मिळाव्यात म्हणून झटतो, ते योग्यच आहे. पण ज्यांना सही करता येत नव्हती, अशा आपल्या आजी-नानींपाशीही विद्या होती. आपल्या घरांतील हळदीची गाणी, पाळणे, जात्यावरच्या ओव्या यांत शेजारच्या घरांचे शब्द, त्यांचे सण, त्यांची नाती मिसळलेली आहेत. ती म्हणणारी पिढी आता थोडी उरली आहे. विद्यार्थी मित्रांनो, या सुट्टीत एक वही घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांपाशी बसा, त्यांना येतात ती गाणी लिहून घ्या आणि कोणते गाणे कोणाकडून शिकलो तेही विचारा. त्या उत्तरात बहुधा एखाद्या शेजारणीचे नाव निघेल, आणि ती आपल्याच धर्माची असेल असे नाही. ते नावही वहीत टिपून ठेवा.