ध्रुवीय रात्रीचे मोजमाप

वैशाखात गोदाकाठी व्याख्यानाला जमणारे आपण नाशिककर सूर्य केव्हा मावळतो याची वाट पाहत असतो. आज ज्या शास्त्राचा इतिहास पाहावयाचा आहे, त्याची मात्र सारी भिस्त प्रथम सूर्यावरच होती.

जहाल जंबुपार किरणांपासून आपणांस वाचविणारा सारा ओझोन वायू भूपृष्ठावर आणून पसरला, तर त्याचा थर जेमतेम 3 मिलिमीटर भरेल. ऑक्सफर्डच्या डॉब्सन यांनी सूर्यकिरणांचे पृथक्करण करून तो मोजण्याचे यंत्र रचले. 1928-29 मध्ये त्यांचे एक यंत्र आपल्या कोडाईकनाललाही आले होते. पण ध्रुवप्रदेशी हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही. चंद्रप्रकाशावर थोडेफार भागते, एवढेच.

यावर तोड निघाली ती फुग्याची. फुग्याबरोबर एक छोटा पंप वर जातो व हवा पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात सोडतो. ओझोनच्या प्रमाणात विद्युत्प्रवाह वाहतो आणि कोणत्या उंचीवर किती ओझोन आहे, ते रेडिओ कळवितो. येथे सूर्याची गरजच उरत नाही. असे उपकरण देशातच घडविण्याचे काम 1960 नंतरच्या दशकात हवामान खात्यातील विदुषी अॅना मणी यांनी तडीस नेले. त्यांच्या उपकरण विभागाचे ठाणे होते आपल्या शेजारच्या पुण्यात.

पुढे 1985 साली फार्मन, गार्डिनर व शँकलिन या ब्रिटिश संशोधकांनी अंटार्क्टिकावरील ओझोनला पडलेले खिंडार जाहीर केले. हॅली येथे ऑक्टोबरात पूर्वी 300 एकक, म्हणजे 3 मिलिमीटर, भरणारा ओझोन 1984 मध्ये 200 च्याही खाली आला होता. कारण काय? हिवाळ्यात तेथील उच्च वातावरण उणे 78 अंशांखाली जाते व विरळ ढग बनतात. माणसाने सोडलेल्या वायूंतील क्लोरीन त्यांच्यावर मोकळा होतो आणि तेथल्या वसंतात सूर्य परतताच ओझोन फस्त करतो. विनाशाची तयारी अंधारातच होते. म्हणून अंधारातले मोजमाप मोलाचे.

1981 च्या डिसेंबरात गोव्याहून पहिली भारतीय मोहीम अंटार्क्टिकास निघाली. पुढे दक्षिण गंगोत्री व 1989 मध्ये मैत्री ही ठाणी उभी राहिली. मैत्रीवरून सोडलेल्या फुग्यांनीही हे खिंडार टिपले.

1987 च्या माँट्रियल करारात भारत 1992 मध्ये सामील झाला. खिंडार आजही दरवर्षी पडते, पण ते हळूहळू भरून येण्याच्या वाटेवर आहे. हॅलीचे आकडे 1956 पासून लिहिले जात होते, तेव्हा त्यांचा असा उपयोग होईल हे कोणाच्या स्वप्नीही नव्हते. ती वही मध्येच बंद पडली असती, तर आपणांस धोका कळला असता काय?